लाइटरूममधले मूळचे शार्पनिंग ४०: तसेच ठेवावे, शून्य करावे की कॅमेऱ्यानुसार बदलावे?

उजनीकाठ

मी हिवाळ्यात मुख्यतः भिगवणच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यावर पाणपक्ष्यांची छायाचित्रे काढतो. सगळी छायाचित्रे रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली सेन्सरची मूळ नोंद) असतात आणि त्यांवरचे काम मी लाइटरूम क्लासिक या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. पहाटे नावेतून, धुके असताना, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहूनही वर न्यावा लागतो. अशा फायली आयात केल्या की, मी एकही स्लायडर हलवलेला नसताना, शार्पनिंगमध्ये (कडा ठळक करण्याच्या साधनात) अमाउंट ४०, रेडियस १.०, डीटेल २५ आणि मास्किंग ० हे आकडे आधीच भरलेले दिसतात. रोहित पक्ष्याच्या पिसांना त्याचा फायदा होत असेलही, पण मागचे करडे आकाश आणि संथ पाणी यांत जी खरखर दिसते, ती याच आकड्यांमुळे वाढत असावी अशी माझी शंका आहे. त्याच कॅमेऱ्याची जेपेग फाइल आयात केली तर मात्र अमाउंट शून्य असतो, हेही कोड्यात टाकणारे आहे.

हे मूळचे शार्पनिंग कायमचे शून्य करावे का? माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत आणि त्यांतला एक बराच जुना आहे, तेव्हा दोघांसाठी वेगळी मूळ मूल्ये ठरवता येतात का? आणि ती बदलल्यावर आधी काम करून ठेवलेल्या छायाचित्रांचे काय होते?

पिक्सेलवेडा

शून्य करू नका. ४० हा आकडा कोणाच्या आवडीनिवडीतून आलेला नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बेयर जाळी असते, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरावे लागतात. या भरणीत कडा थोड्या विरघळतात. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्या, मॉरे (बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे) टाळण्यासाठी सेन्सरसमोर लो-पास फिल्टर बसवलेला असतो आणि तो प्रतिमा मुद्दामच किंचित मऊ करतो. म्हणजे रॉ फाइल जात्याच मऊ असते आणि ४० चे शार्पनिंग ही त्या मऊपणाची भरपाई आहे. जेपेगमध्ये हीच भरपाई कॅमेऱ्याने स्वतः करून दिलेली असल्यामुळे लाइटरूम तिथे शून्यापासून सुरुवात करते; तसे केले नाही, तर एकाच कडेवर दोनदा शार्पनिंग होऊन तिच्याभोवती पांढुरकी किनार उमटेल.

पूर्वी रॉसाठी हा आकडा २५ होता. २०१८ साली अडोबी कलर हे रंगांचे प्रोफाइल आले, त्याच वेळी तो ४० झाला. जुन्या लेखांत २५ वाचून गोंधळ होतो, त्याचे कारण हे.

तुमची शंका मात्र रास्त आहे, फक्त तिचा रोख चुकीच्या स्लायडरवर आहे. आकाशातली खरखर उठून दिसते ती मास्किंग शून्य असल्यामुळे. मास्किंग ० म्हणजे कडा, पिसे, आकाश, पाणी सगळ्याला सारखेच शार्पनिंग. छायाचित्र १०० टक्के आकारात उघडा, अल्ट कळ (मॅकवर ऑप्शन) दाबून धरा आणि मास्किंगचा स्लायडर उजवीकडे न्या. चित्र काळे-पांढरे होईल. जे पांढरे आहे तिथेच शार्पनिंग लागेल आणि जे काळे झाले ते वगळले जाईल. आकाश आणि पाणी पूर्ण काळे होऊन पक्ष्याची बाह्यरेषा, डोळा आणि पिसांच्या कडा पांढऱ्या राहिल्या की थांबा. धुक्यातल्या छायाचित्रांत हे ६० ते ८० च्या आसपास जुळावे, पण आकडा पाठ करण्यापेक्षा काळ्या-पांढऱ्या चित्रावर विश्वास ठेवलेला बरा.

डीटेलच्या स्लायडरकडेही लक्ष असू द्या. तो वर नेला की बारीक पोत ठळक होतो, पण सॉफ्टवेअरला पोत आणि नॉइज (खरखर) यांतला फरक कळत नाही, त्यामुळे जास्त आयएसओला तो २५ च्या खालीच शोभतो.

सातारकर

वरील स्पष्टीकरण उत्तम आहे. मी केवळ कॅमेऱ्यानुसार मूल्ये ठरवण्याची रीत सांगतो, कारण २०२० साली ती बदलली आणि जालावरची बरीच माहिती अजून जुन्याच मेनूची आहे.

एखाद्या नमुना छायाचित्रावर हवे ते शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन बसवा आणि त्याचा प्रीसेट (जतन केलेला मूल्यांचा संच) तयार करा. प्रीसेट करताना बाकीच्या सर्व खुणा काढून फक्त या दोन गोष्टींवर खूण ठेवा. एक्स्पोजर किंवा व्हाइट बॅलन्स चुकून आत गेले, तर पुढची प्रत्येक फाइल त्याच रंगात उघडेल. नंतर प्रेफरन्सेसमधल्या प्रीसेट्स या टॅबवर रॉ डीफॉल्ट्स हा विभाग सापडेल. तिथे सर्वांसाठीची सामान्य निवड अडोबी डीफॉल्टच राहू द्या आणि विशिष्ट कॅमेऱ्यासाठी ती डावलण्याचा जो पर्याय खाली आहे, त्यात आपला कॅमेरा निवडून हा प्रीसेट जोडा. दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे असतील, तर अनुक्रमांक दाखवण्याचीही सोय तिथेच आहे.

आपल्या कामासाठी याहून उपयोगी गोष्ट म्हणजे आयएसओनुसार बदलणारा प्रीसेट. एकाच कॅमेऱ्याची, समजा आयएसओ ४००, १६०० आणि ६४०० ची तीन छायाचित्रे घ्या, प्रत्येकावर योग्य मूल्ये बसवा, तिन्ही एकत्र निवडून प्रीसेट तयार करा आणि त्या चौकटीतला आयएसओ अडॅप्टिव्हचा पर्याय निवडा. मधल्या आयएसओची मूल्ये लाइटरूम स्वतः काढते. हाच प्रीसेट रॉ डीफॉल्ट म्हणून जोडला, की पहाटेची आणि भर दुपारची छायाचित्रे आपापल्या मूल्यांसह उघडतात.

मंगलकार्यालय

माझे मत थोडे वेगळे आहे. मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि दोन्ही कॅमेऱ्यांसाठी मूळचे शार्पनिंग शून्य ठेवतो. हळदीच्या किंवा मुहूर्ताच्या वेळी चेहऱ्याच्या जवळच्या छायाचित्रांत त्वचेचा पोत आणि मेकअपची पूड नको तितकी उठून दिसते, आणि अल्बम छापणाऱ्या अनेक लॅब आपल्या बाजूनेही शार्पनिंग करतात. आधीच ४० लावून पाठवले, तर छापून आलेले चेहरे खरबरीत दिसतात. डोळे, दागिने आणि शालूची जर यांच्यापुरते मी मास्कच्या ब्रशने शार्पनेस वाढवतो. शेकडो छायाचित्रांत हे शक्य नसते, पण अल्बमच्या मुख्य पानांपुरते नक्कीच होते.

पिक्सेलवेडा

मंगलकार्यालय, तुमच्या अडचणीचे मूळ लॅबच्या शार्पनिंगमध्ये आहे आणि तिच्यावरचा उपाय तुम्ही आयातीच्या वेळी करत आहात. अनेक लॅब सांगितल्यास आपली सुधारणा बंद ठेवून फाइल जशीच्या तशी छापतात. तसे विचारून पाहावे. चेहऱ्यांसाठी मूळचे ४० ठेवून मास्किंग ७०-८० केले, तरी गाल आणि कपाळ वगळले जातात आणि पापण्या, भुवया, जर राहतात. तुमचा ब्रश वाचेल.

शार्पनिंग एकदाच होत नाही, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. डिजिटल छायाचित्रणावर लिहिणारे ब्रूस फ्रेझर यांनी त्याचे तीन टप्पे मांडले होते: सेन्सरच्या मऊपणाची भरपाई, मग विषयानुसार ठिकठिकाणी केलेले, आणि शेवटी ज्या माध्यमात छायाचित्र जाणार त्याच्यासाठी केलेले. आपण ज्या ४० बद्दल बोलतो आहोत तो पहिला टप्पा आणि ब्रशने केलेला दुसरा. तिसरा टप्पा एक्स्पोर्टच्या चौकटीत असतो. स्क्रीन, मॅट कागद की चकचकीत कागद हे तिथे निवडायचे आणि प्रमाण लो, स्टँडर्ड किंवा हाय ठेवायचे. मोठी फाइल लहान करून जालावर टाकली की ती पुन्हा मऊ होते, म्हणून स्क्रीनसाठीचे स्टँडर्ड बहुधा लागतेच. मॅट कागदावर शाई किंचित पसरते, त्यामुळे त्याला चकचकीत कागदापेक्षा जास्त लागते. लॅब स्वतः शार्पनिंग करणार असेल, तर बंद ठेवायचा तो हा टप्पा.

मुक्तस्रोत

जे लाइटरूम वापरत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉथेरपी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ५.८ या आवृत्तीपासून कॅप्चर शार्पनिंग हे साधन रॉ टॅबमध्ये आहे. त्याची त्रिज्या ते फाइलवरूनच काढते आणि सपाट भाग वगळण्याची मर्यादाही स्वतः ठरवते, त्यामुळे मला ते लाइटरूमच्या सरसकट ४० पेक्षा अधिक समंजस वाटते. कॅमेरा, लेन्स आणि आयएसओ पाहून वेगळे प्रोफाइल लावण्याचे नियमही त्यात लिहिता येतात. डार्कटेबल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्याही मॉड्यूलचा प्रीसेट अशाच अटींवर आपोआप लावता येतो.

उजनीकाठ

मास्किंग ७५ वर नेताच आकाशातली खरखर बरीच खाली आली आणि पिसे जशीच्या तशी राहिली. माझ्या जुन्या छायाचित्रांचा प्रश्न मात्र बाकी आहे. रॉ डीफॉल्ट बदलल्यावर त्यांत काहीच फरक पडलेला दिसत नाही. रीसेट केल्यास नवी मूल्ये लागतील का?

सातारकर

लागतील, पण रीसेटचा मोह टाळा. रॉ डीफॉल्ट आयातीच्या वेळी लागतो, त्यामुळे कॅटलॉगमध्ये आधीपासून असलेल्या छायाचित्रांना तो आपणहून हात लावत नाही. रीसेट केल्यास फाइल नव्या मूळ मूल्यांवर येते खरी, मात्र त्याबरोबर आपले क्रॉप, एक्स्पोजर, मास्क सर्व पुसले जाते. त्याऐवजी लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरने त्या कॅमेऱ्याची आणि ३२०० च्या वरच्या आयएसओची छायाचित्रे वेगळी काढा, डेव्हलपमध्ये त्यांतल्या एकावर शार्पनिंग नीट बसवा, मग सर्व निवडून सिंक करा (म्हणजे तीच मूल्ये सर्वांना लागतील) आणि सिंकच्या यादीत फक्त शार्पनिंगवर खूण ठेवा. जेपेग फायली त्या निवडीत येणार नाहीत एवढे आधी पाहून घ्या, नाहीतर त्यांच्यावर दुहेरी शार्पनिंग होईल. काही छायाचित्रांना डीनॉइज (नॉइज घालवण्याचे साधन) लावायचे असेल, तर ते आधी लावून मग मास्किंग पुन्हा तपासा, कारण नॉइज गेल्यावर बहुतेकदा कमी मास्किंगमध्येही आकाश काळे होते.