पावडर मेथिओनिनच्या जागी लिक्विड टाकायचं तर किती? (लेयर, नागपूर)

नमस्कार मंडळी. कळमेश्वर रोडला आमचं 2,000 लेयरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) शेड आहे. खाद्य घरीच बनवतो: मका, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड), कोंडा, शिंपला. टनाला दीड किलो डीएल-मेथिओनिन पावडर (मका-सोयात कमी पडणारं अमिनो आम्ल) टाकायचो. दिवाळीनंतर पावडर मिळूनच नाही राहिली, तर दुकानदारानं लिक्विड दिलं. "तेच आहे भाऊ, किलोला किलो टाका." टाकलं.

महिना झाला. तीस अंडी 1,740 ग्रॅम भरायची, ती 1,690 वर आली. पक्षी 38 आठवड्यांचे, या वयात अंडं घटायला नको. मे महिना असता तर म्हटलं असतं, नागपूरचं ऊन, पक्षी खाऊन नाही राहिले. आता थंडीत तर खाणं वाढलंय. संख्या तेवढीच, फक्त वजन कमी. आणि व्यापारी बारीक अंड्याला लगेच कट मारतो.

पावडरीवर 99 टक्के होतं, कॅनवर 88 आहे. त्या हिशेबानं दीडचे 1.7 किलो करू का? (याचा वास हातावरून दोन दिवस जात नाही. घरात मला जेवायला वेगळं बसवतात.)

प्रतिसाद: 1.7 नं भागणार नाही भाऊ. हे लिक्विड मेथिओनिन नव्हेच. त्यातला अमिनो गट काढून तिथे हायड्रॉक्सी गट बसवलाय. कोंबडीचं शरीर आधी त्याचं कीटो आम्ल करतं, मग दुसऱ्या अमिनो आम्लाकडून अमिनो गट उसना घेऊन मेथिओनिन बनवतं. जमतं तिला, पण लिक्विडमध्ये काही रेणू एकमेकांना जोडलेले असतात, ते आतड्यातून तितके शोषले जात नाहीत. घट किती, यावर लिक्विडवाले आणि पावडरवाले वर्षानुवर्षं भांडतात: पावडरीचं काम 100 धरलं तर लिक्विडवाले लिक्विडचं 88 धरतात, पावडरवाले 65. मी 65 धरतो. दीड भागिले 0.65, म्हणजे 2.3 किलो. पावडरीत निम्मा डी-प्रकार (त्याच रेणूचं आरशातलं रूप) असतो, पण तो कोंबडी वापरून घेते.

मिसळता कसं?

धागाकर्ता: मग्यानं, सरळ मिक्सरमध्ये.

प्रतिसाद: मग अर्धं तिथेच अडकत असेल. आधी दहा किलो डीओसीत चोळून घ्या. हातमोजे घाला, आम्ल आहे ते. आणि एकाच ओळीला 2.3 नं द्या, दुसरीला आहे तेच ठेवा. तीन आठवडे दोन्हीकडची अंडी वेगळी तोला.

धागाकर्ता: आत्ताच मिक्सर उघडून पाहिला. तळाशी सुपारीएवढे गोळे, चिकट, काळपट. उद्याच्या घाण्यापासून दोन ओळी वेगळ्या करतो. वजनं इथेच टाकीन.