अ‍ॅडलेड ते पर्थ, नलार्बरमार्गे कॅरव्हॅन: चौघी मैत्रिणी, सल्ला हवाय

सातारची_कंदी
आम्ही चौघी साताऱ्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, पन्नाशी ओलांडलेल्या. दोघी भारतातून येतायत, दोघी इथे अ‍ॅडलेडला असतो. पाचवी पर्थला, तिच्या घरी गणपती बसतो. त्याच्या आदल्या दिवशी पोचायचं, तेही नलार्बरच्या ओसाड माळरानातून, भाड्याची कॅरव्हॅन (चाकांवरचं घर) गाडीमागे जोडून. गाडी माझी, डिझेल. चालवणार आम्ही इथल्या दोघी. कॅरव्हॅन ओढण्याचा अनुभव म्हणजे दोनदा इथल्या जवळच्या बरोसा व्हॅलीपर्यंत, बस्स. नवरा म्हणतो, वाटेत डिझेल मिळणार नाही, विमानाने जा. खरंच असं आहे का? 5 दिवस पुरतील? आणि दूर्वा, कढीपत्ता, भाजी इथूनच नेली तर चालेल ना?

पर्थचा_पोस्टमन
दूर्वा आणू नका! दोन राज्यांच्या सीमेवर, बॉर्डर व्हिलेजला, तपासणी नाका आहे. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया, मध, सगळं तिथे काढून घेतात. कॅरव्हॅनचा फ्रिजसुद्धा उघडून बघतात. कढीपत्ता तर जाणारच. डाळी-कडधान्यं बंद पाकिटात ठेवा आणि विचारायच्या आधीच दाखवा. दूर्वांची चिंता मुळीच करू नका, इथे लॉनमध्ये लावतात ते काउच गवत म्हणजे आपली दूर्वाच. मैत्रिणीच्या अंगणात बघा, जुड्याच्या जुड्या निघतील.

नीरफणस
ताई, जा. नक्की जा. फक्त 5 दिवसांत नको. अंतर 2,700 किमीच्या आसपास आहे, मागे कॅरव्हॅन आहे आणि चालवणाऱ्या दोघीच. किमान 7 दिवस धरा.

डिझेल मिळतं. नलार्बरच्या अलीकडचं सेड्युना ते पलीकडचं नॉर्समन हा निर्जन टप्पा साधारण 1,200 किमी, पण दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर 200 किमीच्या आत आहे. काळजी करायची ती वाऱ्याची. आम्ही दोन जोडपी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेलो होतो. त्या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुमच्या तोंडावर. एरवी कॅरव्हॅनसकट माझी गाडी 100 किमीला 15 लिटर घ्यायची. नलार्बर रोडहाऊसला (पंप, खाणं, मुक्काम एकाच ठिकाणी) डिझेलचा भाव बघून मी अर्ध्या टाकीवरच निघाले. समोरून वारा सुरू झाला आणि तोच आकडा 22 वर गेला. वेग 95 वरून 80 वर आणला. त्या 185 किमीत गाडीत कुणी बोललं नाही. बॉर्डर व्हिलेजला पोचलो तेव्हा डिझेल संपत आल्याचा दिवा लागून बराच वेळ झाला होता. म्हणून सांगते, प्रत्येक पंपावर टाकी काठोकाठ भरा, भाव बघू नका. पिण्याचं पाणीसुद्धा सेड्युनालाच भरून घ्या, पुढे रोडहाऊसवर पाणी मोलाचं असतं.

दुसरं, सामान. आम्ही तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन, खुर्च्या, सगळं कॅरव्हॅनच्या मागच्या टोकाला कोंबलं होतं. भाड्याने देणाऱ्याने वजनाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. सेड्युनाच्या पुढच्या पेनाँग गावापलीकडे एक रोडट्रेन (दोन-तीन ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आम्हाला ओलांडून गेली आणि कॅरव्हॅन झोके घ्यायला लागली. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, कॅरव्हॅनच्या ब्रेकचा कंट्रोलर हाताशी असेल तर फक्त तो हलकेच दाबायचा. थांबल्यावर जड सामान चाकांच्या वर, खाली जमिनीलगत हलवलं आणि पुढे पर्थपर्यंत एकदाही झोका आला नाही. यूएचएफ रेडिओ (गाडीतून गाडीत बोलायचा) घ्या. ट्रकवाले चॅनल 40 वर असतात. मागून येतोय असं ते सांगतात आणि तुम्ही उत्तर दिलंत की त्यांनाही बरं वाटतं.

सूर्य मावळायच्या दीड तास आधी थांबायचंच. कांगारू, वॉम्बॅट, उंट तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात आणि शिवाय ऊन सरळ डोळ्यांत असतं. घड्याळावर जाऊ नका. बॉर्डर व्हिलेजपासून पुढच्या काही वस्त्यांची स्वतःचीच वेळ आहे, अ‍ॅडलेडच्या 45 मिनिटं मागे आणि पर्थच्या 45 मिनिटं पुढे. केगुना आणि बॅलाडोनिया या रोडहाऊसांच्या दरम्यानचा 146.6 किमीचा सरळसोट रस्ता सकाळी काढा. एकही वळण नाही, डुलकी लागते. निम्म्यावर चालक बदला.

आणि एक पूर्ण दिवस हेड ऑफ बाइटला (नलार्बर रोडहाऊसच्या अलीकडची समुद्रकड्यावरची जागा) द्या, हे अगदी मनापासून सांगते. सदर्न राइट व्हेल तिथे पिलांना जन्म देतात. लाकडी वाटेवरून खाली बघितलं तर आई आणि पिल्लू कड्याला लागूनच पहुडलेले. आई श्वास सोडायची तो आवाज वरपर्यंत यायचा. माझी मैत्रीण कठड्याला धरून तीन तास उभी होती, जेवायलासुद्धा आली नाही. आमचा त्या दिवशी पुढे 300 किमी जायचा बेत होता, तो आम्ही सोडून दिला.

सातारची_कंदी
खूप खूप आभार. दोघींची तिकिटं तीन दिवस अलीकडे घेतली, आता 8 दिवस मिळतात. नवऱ्याला तुमचं डिझेलचं वाचून दाखवलं. मुक्काम रोडहाऊसवर करावा की रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत?

नीरफणस
पहिल्या दोन रात्री रोडहाऊसवर करा, हात बसेल. नंतर एक रात्र तरी मोकळ्या जागेत काढा, पण तिथे आधीच दोन-तीन कॅरव्हॅन उभ्या असतील अशीच जागा निवडा. कॅरव्हॅनची जोडणी सोडू नका, म्हणजे पहाटे लगेच निघता येतं.