बोटीने फिरायला जाऊन म्युझियमं कशाला बघायची?

उनाडटप्पू:
गेल्या महिन्यात डॅन्यूबवर होतो, पासाऊ ते बुडापेस्ट आणि परत, सात दिवस, कॉलेजचे आम्ही सहा जण. ट्रिप झक्कास झाली पण एक भांडण अजून डोक्यातून जात नाहीये. दोघांचा हट्ट, प्रत्येक शहरात म्युझियम झालंच पाहिजे. व्हिएन्नाला बोट दिवसभर थांबते, बाहेर मस्त ऊन, आणि आम्ही कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये तीन तास पाय ओढतोय, पाचव्या दालनानंतर मला सगळे राजे सारखेच दिसायला लागले. अरे पंधरा वर्षांनी भेटलोय, समोर नदी आहे, डेकवर चिवडा घेऊन बसा की! पुण्यात जन्म काढून केळकर म्युझियम न बघितलेली माणसं तिकडे गेली की एकदम रसिक होतात.

खडीसाखर:
केळकरचं लागलं हो, मीपण शाळेच्या सहलीतच गेलेय 😀 पण राजे बघत कशाला बसलात? सरळ ब्रुगेलच्या दालनात जायचं. त्याची इतकी चित्रं एका जागी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. 1565 सालचं ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र, दमलेले शिकारी पाठमोरे, सोबत मरगळलेली कुत्री, आणि खाली गोठलेल्या तळ्यावर लोक मजेत घसरतायत. मी अर्धा तास बाकावरून हलले नाही, मैत्रिणी कंटाळून कॉफी प्यायला गेल्या, कोणाचं काही बिघडलं नाही.

गुडघेदुखी:
उनाडटप्पूंना +1. ग्रुपमध्ये एक तरी महाभाग असतो जो प्रत्येक पाटी वाचतो आणि बाकीचे दाराशी उभे. शिवाय बोट कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे अर्धं लक्ष घड्याळात. त्यापेक्षा मेल्कचा मठ बघा, उंचावरून नदीपण दिसते.

काठाकाठाने:
मेल्कवरून आठवलं. तिथून क्रेम्सकडे येताना वाखाऊचं खोरं लागतं, त्यात डाव्या काठावर विलेनडॉर्फ नावाचं चिमुकलं गाव आहे. 1908 मध्ये तिथे उत्खननात एक दगडी बाई सापडली, उंची फक्त 11 सेंमी, वय तीस हजार वर्षांच्या आसपास. आता ती व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे, म्हणजे उनाडटप्पू, तुम्ही जिथे पाय ओढत होतात त्याच्या बरोब्बर समोरची जुळी बिल्डिंग, मध्ये फक्त मारिया थेरेसाचा पुतळा. आणि गंमत म्हणजे तिचा दगड त्या गावातला नाहीच, अभ्यासकांच्या मते बहुधा उत्तर इटलीतला, म्हणजे बाई आल्प्सपलीकडून आलेली. आधी डेकवरून ते गाव बघायचं आणि मग व्हिएन्नात उतरून त्या बाईला भेटायचं, हे नुसत्या बोटीत बसून होत नाही आणि नुसत्या म्युझियममध्ये जाऊनपण नाही. फक्त वार बघून जा, ते बहुतेक मंगळवारी बंद असतं.

गुडघेदुखी:
11 सेंमीच्या बाईसाठी तिकिटाची रांग, अवघड आहे!

उनाडटप्पू:
@काठाकाठाने, हे आधी कोणी सांगितलं असतं तर समोर गेलो असतो, खोटं कशाला बोलू. तरी दिवसाला एक म्युझियम हे मला मान्य नाही म्हणजे नाही. वाखाऊत मात्र मी पूर्ण वेळ डेकवर होतो, गाव काही आठवत नाही.

खडीसाखर:
पूर्ण वेळ डेकवर होतात ना, मग बघत काय होतात?

उनाडटप्पू:
रमी चालू होती.