मदत हवी आहे : सातारहून एसटीनं जाऊन चालता येतील अशा वाटा (परतीची गाडी नक्की मिळणाऱ्या)

नमस्कार. आम्ही सातारला राहतो. घरात चारचाकी नाही, दुचाकीही नाही. चालणारे आम्ही दोघं, मी आणि बाबा. बाबांचं वय ७६. आई गेल्यावर त्यांचं बाहेर पडणंच थांबलं होतं. मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी त्यांना कसंबसं अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत नेलं. तिथं पाच मिनिटं बसले आणि स्वतःहून म्हणाले, "आलोच आहोत तर वर जाऊ." त्या दिवशी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. तेव्हापासून आमचा रविवार ठरलेला आहे. शनिवारी रात्रीच ते पाण्याच्या बाटल्या भरून ओट्यावर ठेवतात.

एसटीचं आम्हाला फार बरं पडतं. पंच्याहत्तरीच्या पुढचे म्हणून बाबांना प्रवास मोफत आणि महिला म्हणून मला अर्धं तिकीट. वाहक जवळ यायच्या आत बाबांच्या हातात आधारकार्ड तयार असतं. त्यांचं शून्य रुपयांचं तिकीट ते फेकत नाहीत, घरी आल्यावर वहीत चिकटवून खाली गावाचं नाव लिहितात.

आतापर्यंत जे केलं ते आधी सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवलं जाणार नाही.

सज्जनगड सगळ्यात छान झाला. सगळे गाडीनं वर वाहनतळापर्यंत जातात आणि उरलेल्या पायऱ्या चढतात. आम्ही खाली परळीतच उतरलो. गावात महादेवाची दोन जुनी दगडी देवळं आहेत, ती निवांत बघितली आणि मग जुन्या वाटेनं चढायला लागलो. बाबा हळू चढतात, पण न कुरकुरता चढतात. दुपारी समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, प्रसादाच्या पंगतीला बसलो आणि धाब्याच्या मारुतीपर्यंत चालत जाऊन उरमोडीचं पाणी बघत बराच वेळ बसलो. येताना वाहनतळावरून एसटी धरली. बाबांच्या गुडघ्यांना चढ चालतो, उतार चालत नाही. खालून चढायचं आणि वरून गाडीत बसायचं, हे त्यांच्यासाठी अगदी जमून आलं. यवतेश्वरलाही तसंच केलं. डोंगर चढून गेलो आणि बामणोलीकडून येणाऱ्या गाडीनं खाली आलो.

पाटेश्वरला देगावच्या बाजूनं गेलो. वरच्या लेण्यांत इतक्या तऱ्हेच्या पिंडी आहेत की बाबांनी मोजायला सुरुवात केली आणि तासाभरानं नाद सोडला. उतरताना मात्र त्यांना त्रास झाला.

आता अडचण. एका ठिकाणी (गावाचं नाव लिहीत नाही, चूक माझीच होती) आम्ही उतरून फाट्यावर आलो तेव्हा साडेचार वाजले होते. पाचची गाडी आहे असं मी धरून चालले होते. टपरीवाले म्हणाले, "ती शाळेच्या पोरांची गाडी ओ, रविवारी नसते. आता वस्तीची येईल, ती इथंच मुक्काम करते, सकाळी निघते." वडापही (माणसं भरून नेणारी खाजगी जीप) नव्हतं. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या दादांनी आम्हाला पुढं बसवून हमरस्त्यापर्यंत आणलं. बाबा काही बोलले नाहीत, पण थंडीत त्यांचे हात गार पडले होते आणि मला आतून फार लागलं. किल्ल्यांची माहिती वाचायला गेलं की पायथ्याला कसं जायचं ते सगळे लिहितात. संध्याकाळी पायथ्याहून परत कसं यायचं ते फारसं कुणी लिहीत नाही, कारण बहुतेकांची दुचाकी खाली उभी असते.

म्हणून विचारते :

एका थांब्यावर उतरून दुसऱ्या थांब्यावर निघता येईल अशा वाटा कुठल्या? पुन्हा त्याच जागी यायचं बंधन आम्हाला नाही. उतार कमी असला तर फारच बरं. चालणं तीन-चार तासांचं चालेल. वासोटा नको, बोट, वनखात्याची परवानगी आणि जंगलातली चाल हे सगळं एका दिवसात बाबांना झेपणार नाही. कल्याणगडही नको, तिथल्या गुहेत पाण्यातून जावं लागतं. कास फुलांच्या दिवसांत गर्दीचं असतं, ते एखाद्या आडवारी करू.

प्रतिसाद १ (वाईकर)

ताई, तुमच्या बाबांना वाई ते धोम चालवा. चढ नाही, उतारही नाही. सातारहून वाईला गाड्या भरपूर. ढोल्या गणपतीला नमस्कार करून निघालात की तीनेक किलोमीटरवर मेणवली लागते. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट बघा. घाटावर जी मोठी घंटा आहे ती पोर्तुगीजांची, चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्यांपैकी. बाबांना घाटाच्या पायऱ्यांवर भाकरी खाऊ द्या, घाई करू नका. पुढं धोमला नरसिंहाचं देऊळ आहे आणि महादेवासमोरचा नंदी दगडी कासवावर बसलेला आहे. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असंच वाटतं. धोमहून वाईला एसटीनं परत. मेणवलीत दमलात तर तिथूनही गाडी मिळते, म्हणजे मध्येच सोडायची सोय आहे.

चढच हवा असेल तर भुईंजला उतरून किकली. गावातल्या भैरवनाथाच्या देवळाशी वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांची) रांग आहे, तासभर तिथंच जाईल. मग चंदनगड. शेजारचा वंदन उंच आहे, तो दुसऱ्या खेपेला ठेवा. पांडवगड सुचवत नाही, उतार घसरडा आहे.

प्रतिसाद २ (कराडहून)

तळबीडचा वसंतगड करा. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचं गाव, त्यांचं स्मारक गावातच आहे. वर चंद्रसेनाचं देऊळ आणि कृष्णा तळं, कोयना तळं अशी दोन तळी.

परतीचं नीट ऐका. महामार्गावर फाट्याला उभं राहून सातारच्या गाडीला हात करत बसू नका. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथं थांबत नाहीत, आणि थांबली तरी रविवारी संध्याकाळी ती कोल्हापूरपासून भरून आलेली असते. उलट दिशेनं कराडला या. वडापनं थोडकंच अंतर आहे. कराड स्टँडवर सातारला जाणारी साधी गाडी लागते, तिच्यात बसायला जागा मिळते. अंतर वाढतं, पण बाबा उभे राहणार नाहीत.

आणखी एक. गाडीच्या वेळा नेटवर बघू नका. ज्या आगाराची गाडी असेल तिथल्या चौकशी खिडकीवर आदल्या दिवशी जाऊन तीनच प्रश्न विचारा : रविवारी असते का, शाळेला सुट्टी असली तरी असते का, आणि ती वस्तीची आहे की परत येते. गावात उतरतानाही वाहकाला विचारा, "परत याच गाडीनं तुम्हीच येणार का?" तोच येणार असेल तर तो तुम्हाला ओळखतो, दोन मिनिटं थांबतोही.

प्रतिसाद ३ (मिरजकर)

थोडं लांब पडेल, पण एकदा सागरेश्वर करा. सातारहून रेल्वेनं ताकारी, तिथून देवराष्ट्र्याकडची गाडी. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा, १९१३ सालचा. इथलं अभयारण्य माणसांनी लावून वाढवलेलं आहे. पूर्वी हे डोंगर उघडे बोडके होते. आज तिथं चितळ, सांबर आणि काळवीट आहेत. शेजारी महादेवाची जुनी देवळं आहेत. मिरजेकडे कुणी पाहुणे असतील तर मुक्काम करून भोशाचा दंडोबाही होईल. डोंगराच्या पोटात कोरलेलं देऊळ आहे, आत गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तळबीडला जाऊन आलो.

शनिवारी खिडकीवर तिन्ही प्रश्न विचारले. आतल्या बाईंनी रजिस्टर बघून नीट उत्तरं दिली. पायथ्याच्या शेतांत शाळू छातीएवढा झालाय. वरचं गवत वाळलंय आणि कुसळं इतकी की देवळाच्या पायरीवर बसून मी बाबांच्या मोज्यांतली एकेक उपसून काढली. माझं काम चाललेलं असताना ते म्हणाले, "ताराबाईंचं माहेर हे. म्हणजे आपल्या खिडकीतून रोज दिसतो त्या किल्ल्याला अजिंक्यतारा नाव दिलं त्या बाईंचं." हंबीरराव ताराबाईंचे वडील हे मला शाळेत शिकवलेलं होतं, पण किल्ल्याच्या नावाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. कोयना तळ्याजवळ बाबा वीस मिनिटं गप्प बसले होते. पूर्वी ते असे गप्प बसले की मला भीती वाटायची. काल वाटली नाही.

उतरताना काठी आणि माझा खांदा, असं करत दीड तास लागला. गुडघा थोडा सुजलाय, शेकतोय. कराडला येऊन साधी गाडी धरली, दोघांनाही खिडकीची जागा मिळाली. वहीत तिकीट चिकटवून खाली "तळबीड" लिहून झालंय.

येत्या रविवारी गुडघ्याला विश्रांती, म्हणून वाई ते धोम. वाईकर, एवढंच सांगा : मेणवली ते धोम डांबरी रस्त्याच्या कडेनंच जावं लागतं, की नदीच्या बाजूनं शेतातली पायवाट आहे? आणि धोमहून वाईला येणारी दुपारनंतरची गाडी देवळाजवळ थांबते की धरणाच्या फाट्यावर? खिडकीवर मी शनिवारी विचारणारच आहे, पण थांबा कुठला ते तिथल्या माणसालाच माहीत असतं.