'मण्यात पाणी उतरलं' हे वाचून कळतं का?

निफाडचा_बागाईतदार:
डिसेंबरात पुण्याहून भाचा आला होता. शेतीवर ढीगभर वाचलेला. द्राक्षबागेत मी म्हटलं, "मण्यात पाणी उतरायला लागलंय." तो लगेच, "म्हणजे मणी मऊ पडतोय, साखर भरतेय." एकदम बरोबर. म्हटलं, दाखव बरं कुठल्या घडात. चार घड दाबले, चारही चुकला. काल खड्यासारखा लागलेला मणी आज चिमटीत किंचित दबतो, एवढाच फरक असतो हो. माझं म्हणणं, अर्थ बोटांत असतो, वाचून मिळते ती नुसती व्याख्या.

पुराचंही तेच. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले म्हटलं तर आमची आई ढिम्म. नाशकात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं म्हणा, लगेच पंचवटीतल्या मावशीला फोन.

शंकेखोर:
दादा, ओळखता येणं वेगळं आणि अर्थ कळणं वेगळं. भाच्याला अर्थ कळला होता, सराव नव्हता. लँडाऊ आणि ग्लाइटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एका लहान अंध मुलीबद्दल लिहिलंय. 'हात लाव, पण बघू नको' म्हटलं की ती वस्तूला नुसता हात लावायची. 'आता बघ' म्हटलं की सगळीकडून चाचपायची. डोळ्यांनी काही न बघता 'बघणे' तिला कळलंच ना?

निफाडचा_बागाईतदार:
पण हातांनीच ना! इंद्रिय बदललं, अनुभव कुठे सुटला?

शंकेखोर:
बरं, मग नैयायिकांचा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्र्यांचा, गवयाचा दाखला घ्या. 'गवय गायीसारखा असतो' एवढं ऐकून माणूस रानात जातो आणि प्राणी दिसताच म्हणतो, हाच तो. आधी शब्द, मग डोळे.

सिन्नरची_मास्तरीण:
गाय मात्र त्याने पाहिलेली होती, हे विसरू नका 🙂

मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने १६८८ मध्ये तत्त्वज्ञ लॉकला विचारलं होतं: हाताने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली, तर नुसतं बघून ओळखेल का? मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या गटाने आपल्याकडच्याच, शस्त्रक्रियेने दिसू लागलेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर ते तपासलं. निष्कर्ष २०११ मध्ये आले. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखताना सुरुवातीला जवळपास अंदाजपंचे. ज्यांना पुन्हा तपासता आलं, ती काही दिवसांतच सुधारली. म्हणजे हाताचं ज्ञान डोळ्याला आयतं मिळत नाही. बागाईतदारांकडे माझं मत झुकतं, पण 'अर्थ बोटांतच' हे जरा जास्त होतंय. 'उधारी' कुठल्या बोटात असते?

निफाडचा_बागाईतदार:
उधारी? व्यापारी माल नेऊन फोन उचलेनासा झाला की पोटात कळते, ताई.

शंकेखोर:
😄 हे मान्य. (मिसळीवर धागा काढला असता तर एव्हाना दोनशे प्रतिसाद पडले असते.) भाच्याचं पुढे काय झालं?

निफाडचा_बागाईतदार:
तिसऱ्या दिवशी दहातले सात बरोबर सांगितले. तरी जाताना म्हणाला, "मामा, साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन टाका."