रॉनी जॉर्डनचा ‘द अँटिडोट’ जाझ नाही म्हणे!

ब्लूनोटवाला: काल इथे एकाने लिहिलं, “‘द अँटिडोट’ म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं संगीत, जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’ या धुनेचं पार वाटोळं.” राहवलं नाही. 1992 चा हा लंडनच्या गिटारवाल्या पोराचा पहिलाच अल्बम, आणि त्याने ‘सो व्हॉट’ ब्रिटनच्या टॉप 40 मध्ये नेलं! 1959 च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये बास प्रश्न टाकतो, बाकीचे वादक दोन कॉर्डमध्ये (एकदम वाजणाऱ्या स्वरांत) उत्तर देतात. इथे तो प्रश्न गिटारच्या तोंडी आहे, इतकंच. याच अल्बममधलं ‘आफ्टर अवर्स’ हेडफोन लावून ऐका, मग बोला.

षड्ज: लिहिणारा मीच. हात चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तोच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवणं जुन्या जाझ गिटारिस्ट वेस माँटगोमरीचं. आणि खाली काय, तर प्रोग्रॅम केलेला ठेका! सोलो चढला की खरा ड्रमर राइडवरचा (ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेवरचा) हात बदलतो. यंत्राला कान असतात का?

ठेका: यंत्राचा विषय काढलात म्हणून सांगतो. माझे काका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. आधी ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड आलं, मग आधीच रेकॉर्ड केलेले तयार ट्रॅक. कार्यक्रमाच्या एका सुपारीला ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, “काठ्या हलवत राहा, माइक बंद आहे.” काका दोन तास मुक्या ड्रमवर घाम गाळत बसले. तुम्हाला यंत्राचा ‘ग्रूव्ह’ (डोलायला लावणारा ठेका) आवडतो, आमच्या घरात चूल थंड झाली.

ब्लूनोटवाला: काकांबद्दल वाईट वाटतं, पण त्याचा लंडनशी काय संबंध?

ठेका: पैसे वाचवायला माणूस काढायचा, हाच संबंध.

निषाद: ऑक्टोपॅड वाजवायला माणूसच लागतो हो! मी स्वतः वाजवतो. ट्रॅक आणि पॅड एका पोत्यात भरू नका.

ठेका: तुम्ही पॅडवाले! एक जण चौघांच्या सुपाऱ्या खायचा. डफ, ढोलक, कोंगो, सगळे घरी बसले.

निषाद: मग मी उपाशी राहायचं होतं का? मालकाचा राग माझ्यावर काढू नका.

ब्लूनोटवाला: मूळ मुद्द्यावर या. माइल्सचा शेवटचा अल्बम ‘डू-बॉप’, हिपहॉपवाल्या ईझी मो बी बरोबर केलेला. तोही 1992 मध्येच आला. तिथे कोणाचं वाटोळं झालं?

षड्ज: बरं, ‘वाटोळं’ शब्द मागे घेतो. ‘आफ्टर अवर्स’ही परत ऐकलं, गिटार खरंच बोलते. पण त्याच्यामागे जिवंत ड्रमर हवा होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

ठेका: हेच तर मी कधीपासून सांगतोय.