शेतकरी आमदार विल्यम फिंडली: कोरम मोडला, ते बरोबर केलं का?

रानवाट: फिंडली (1741–1821) आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टरहून आलेले विणकर, पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शेती करून वेस्टमोरलँड काउंटीचे आमदार झाले. 1786 मध्ये बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेची रद्द झालेली सनद (कारभाराचा सरकारी परवाना) परत द्यावी का, यावर विधानसभेत खडाजंगी झाली. बँकेचे संस्थापक रॉबर्ट मॉरिस स्वतः सभागृहात होते. फिंडलींचा मुद्दा असा: स्वतःची बाजू मांडायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त निःस्वार्थीपणाचा आव आणू नका. लोकप्रतिनिधीने इतकं रोखठोक असावं, असं मला मनापासून वाटतं.

जुनापार: असहमत. सप्टेंबर 1787 मध्ये अमेरिकेच्या नव्या संविधानाला मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणारी राज्य परिषद बोलवायचा ठराव आला, तेव्हा हेच फिंडली साथीदारांसह सभागृहाबाहेर राहिले. कोरमसाठी, म्हणजे कामकाजाला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, 69 पैकी 46 हजर हवेत, आले 44. शेवटी जमावाने दोघा आमदारांना मुक्कामावरून ओढत आणून बसवलं, तेव्हा कुठे कामकाज झालं. दुसऱ्याला खुलेपणा शिकवायचा आणि स्वतः दडी मारायची?

रानवाट: घाई कोण करत होतं तेही बघा. संविधानावर सह्या 17 तारखेला, ठराव 28 ला! डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याने तो मसुदा वाचायचा कधी?

कोरडवाहू: पुढे ती राज्य परिषद भरली, फिंडलीही तिच्यात होते; तिथला एक प्रसंग सांगतो. स्वीडनमध्ये पूर्वी ज्यूरीपुढे (सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे) खटले चालत, असं फिंडली म्हणाले. जेम्स विल्सन आणि राज्याचे सरन्यायाधीश मॅककीन या दोघा कायदेपंडितांनी ते साफ झिडकारलं. फिंडली पुढच्या बैठकीला इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनचा ग्रंथच घेऊन आले आणि उतारा दाखवला. शाळा फारशी न पाहिलेल्या माणसाची ही तयारी!

जुनापार: तयारीबद्दल वादच नाही. पण म्हणूनच म्हणतो, असा माणूस आत बसून लढला असता. परिषदेत संविधान 46 विरुद्ध 23 मतांनी मंजूर झालं, आणि त्याच संविधानाखाली फिंडली 1791 पासून काँग्रेसमध्ये गेले, मधली काही वर्षं सोडून 1817 पर्यंत राहिले. 1794 च्या व्हिस्की बंडात (दारूवरच्या कराविरुद्धच्या उठावात) तर शेतकऱ्यांच्या वतीने कार्लाइल गावी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना जाऊन भेटले. बोलून मार्ग काढायचं बळ होतं की त्यांच्यात!

रानवाट: बोलून काय मिळालं तेही लिहा ना. डिसेंबर 1787 मध्ये अल्पमतवाल्यांनी परिषदेत 15 दुरुस्त्या मांडल्या. बहुमताने त्या फेटाळल्या, वर कामकाजाच्या नोंदीतही येऊ दिल्या नाहीत. समोरचे ऐकायलाच तयार नसतील, तर गैरहजेरीशिवाय हातात उरतं काय?

जुनापार: मतदान उरतं. विरोधातलं एक मतसुद्धा त्या काउंटीचं मत असतं, ते बाहेर राहून देता येत नाही.